कालचा दिवस विचार

तीर्थरूप आईस,

दीपमालाचा नमस्कार. इंग्लंडात थंडी लय आहे, पण खोली उबदार आहे. भात रोज करते. आपल्या कुंडलला ऊस तुटला का?

पुढे आफ्रिकेतल्या गावांत संशोधनाला जायचंय, म्हणून सध्या लोकांना प्रश्न कसे विचारायचे ते शिकवतात. परवा सरावाला आम्ही शिकवणाऱ्या मॅडमबरोबर एका एकट्या राहणाऱ्या आजोबांकडे गेलो. मी विचारलं, "बरे आहात ना?" ते म्हणाले, "अगदी मजेत." मी तसंच लिहून घेतलं.

मॅडम हळूच म्हणाल्या, "असं विचारलं की माणूस हो म्हणतो. कालचा दिवस विचार."

मग आजोबांनी सांगितलं, काल दिवसभर कुणाशी बोलणं झालं नाही. संध्याकाळी त्यांनी बेकरीत फोन करून पाव आहे का विचारलं. पाव त्यांना नकोच होता.

आई, आण्णा दवाखान्यातून घरी आल्यापासून मी फोनवर "बरे आहेत ना?" विचारते आणि तू म्हणतेस, "व्हय, समदं बरं हाय. तू अभ्यास कर."

काल आण्णा मळ्यापर्यंत चालत गेले का? की अंथरुणातच होते? घास त्यांनी हातानं घेतला, की तू भरवलास?

जे असेल ते लिही. नुसतं "बरं हाय" लिहू नकोस.

तुझी,
दीपमाला