सगळं मीठ एकदम

मंगळवार, १२ सप्टेंबर १९९५. उधना.

आज पांडेसऱ्याला कारखान्यात नव्यानं कामाला लागलेल्या भिकनभाऊंनी मिठाचं अख्खं पोतं एकदम रंगाच्या टाकीत ओतलं. सुती कापडावर रंग चढायला मीठ लागतं, पण ते तीनदा, थोडं थोडं टाकायचं आणि मधे थांबायचं. रंगखातं माझ्याकडे, मी ओरडलो तर म्हणाले, “शेवट एकच पानीमां जास ना, मास्तर?” कापड निघालं ते सगळं डागाळलेलं.

घरी येईपर्यंत ते डाग डोळ्यांसमोर. मग रविवार आठवला. लेक रूथ चर्चला येत नाही म्हणाली, तर मी दहा आज्ञांपासून न्यायाच्या दिवसापर्यंत सगळं तिच्यावर ओतलं. तासभर. तेव्हापासून घरच्या प्रार्थनेला ती येऊन बसते, पण मान वर करत नाही.

प्रभूनं आपल्याला पृथ्वीचं मीठ म्हटलं. मत्तय, पाचवा अध्याय. किती जणांना समजावलं असेल मी! चव काय, टिकवणं काय. रोज हाताखालून पोती जातात आणि हे नाही सुचलं? की सुचू द्यायचं नव्हतं?

आज प्रार्थनेत तेवढंच वचन वाचलं आणि बायबल मिटलं. जीभ नुसती वळवळत होती. रूथनं मान वर केली.

“बस, आटलुं ज?”

“हो, एवढंच.”

वाटलं, उठून जाईल. बसून राहिली. मीही गप्प बसलो.

मधे थांबायचं, हे भिकनभाऊंना सांगणं किती सोपं होतं.