चार नंबरचा काउंटर

२ जानेवारी
नवीन वही. वर्ष सुरू होऊन एक दिवस झाला, पण काल सुट्टी होती आणि सुट्टीच्या दिवशी सुरू केलेली कामं टिकत नाहीत, असं माझं निरीक्षण आहे. मी निरीक्षण फार करतो. म्हणूनच ठरवलंय: अर्थतज्ज्ञ व्हायचं. अकरावी हे त्यासाठी योग्य वय आहे.

योगायोग बघा. आजच इकॉनॉमिक्सच्या मॅडमनी जाहीर केलं की विद्यापीठात उन्हाळ्यात इकॉनॉमिक्स आणि फायनान्सचा खास कोर्स आहे. प्रत्येक शाळेतून एकच विद्यार्थी. एखाद्या खऱ्याखुऱ्या जागेचा अभ्यास करून रिपोर्ट द्यायचा, मग तोंडी परीक्षा. हे सांगताना मॅडम माझ्याकडेच बघत होत्या. (माझ्या मागे खिडकी आहे, पण तरीही.)

घरी सांगितलं. बाबा लिफ्ट दुरुस्त करतात. ते म्हणाले, वर गेलेलं खाली येतं, एवढंच ना ते शास्त्र, त्याला फी कशाला. ताई म्हणाली, फी मी भरते. ती सुपरमार्केटमध्ये कॅशियर आहे, मागच्या वर्षीच लागली. तिचं कॉलेज अर्धवट राहिलं म्हणून माझ्या बाबतीत हळवी आहे. मी ह्याचा गैरफायदा घेत नाही. फायदा घेतो.

५ जानेवारी
विषय ठरला: जागतिक मंदी.

५ जानेवारी, संध्याकाळ
विषय बदलला. मंदी ठीक आहे, पण जग फार मोठं आहे. आता व्याजदर.

८ जानेवारी
व्याजदर सोडले. अजिबात वाईट वाटलं नाही. पुस्तकात सरळ लिहिलंय की आधी घातलेला वेळ आणि पैसा गेला तो गेला, त्याच्याकडे बघून पुढचा निर्णय घ्यायचा नाही. ह्याला संक कॉस्ट म्हणतात. आईला समजावून सांगितलं. ती म्हणाली, हे मला माहीत आहे, गिटार, कराटे आणि पोहणं ह्याच तत्त्वावर माळ्यावर पडलंय. पोहणं माळ्यावर कसं पडेल ते कळलं नाही.

९ जानेवारी
विषय मिळाला. आर्किमिडीज टबात होता, मी ताईचा विसरलेला डबा द्यायला गेलो होतो.

सुपरमार्केटमध्ये चार काउंटर. एक, दोन आणि तीनवर तुरळक गिऱ्हाईक. ताई दोन नंबरवर. चार नंबरला मिशीवाले काका होते, ते पिशव्यांच्या घड्या घालत होते. घातलेल्या घड्या मोडून परत घालत होते. साधनसंपत्तीचा असा अपव्यय डोळ्यांदेखत चालला होता आणि कोणाला त्याचं काही नव्हतं.

शीर्षक: किरकोळ विक्रीतील मनुष्यबळाचा इष्टतम वापर. ताईने विचारलं, इष्टतम म्हणजे काय. म्हणालो, रिपोर्ट वाचलास की कळेल. (बघून ठेवणे.)

१४ जानेवारी
फील्डवर्क सुरू. शाळेतून सुटून दोनला पोचतो. ट्रॉल्या लावतात तिथल्या खांबाजवळ उभा राहून प्रत्येक काउंटरवर किती माणसं आली ते लिहितो. सिक्युरिटीवाल्याने विचारलं, काय हवंय. संशोधन करतोय म्हणालो. त्याने खिसे दाखवायला सांगितले. ताईने येऊन भाऊ आहे म्हणून सांगितलं. मग मिशीवाल्या काकांनी स्वतःचं स्टूल आणून दिलं आणि एक पेपरमिंट. भला माणूस. दुकान उघडल्यापासून इथेच आहे म्हणे.

चारला निघालो. ताई म्हणाली, एकदा संध्याकाळी येऊन बघ, तेव्हा खरी मजा असते. तिला मार्जिनल युटिलिटी माहीत नाही. पहिल्या दोन तासांत जेवढं कळतं तेवढं पुढच्या दोन तासांत कळत नाही. शिवाय संध्याकाळी फार गर्दी असते. गर्दीत काउंटर नीट दिसत नाहीत.

२३ जानेवारी
श्रमविभागणी. ज्याला जे चांगलं जमतं ते त्याने करावं. मला निष्कर्ष चांगले जमतात. म्हणून मोजण्याचं काम ताईला दिलं. ती नाहीतरी दिवसभर तिथे उभीच असते. तिने बिलं करता करता कागदावर रेघा मारल्या. दोन ते चारच्याच मार म्हणून बजावलं होतं, नाहीतर डेटा एकसारखा राहत नाही.

पहिला बाक (वर्गात कायम पुढे बसते, हिचं खरं नाव कोणी घेत नाही) शाळेच्या बस थांब्याचा अभ्यास करतेय. सकाळी जाते, संध्याकाळी जाते, मागच्या आठवड्यात तापात गेली. मला तिची दया येते.

६ फेब्रुवारी
रिपोर्ट पूर्ण. निष्कर्ष: चारपैकी एक काउंटर जास्तीचा आहे. चार नंबर बंद करावा.

टाइप करताना काकांचं पेपरमिंट आठवलं. थोडा वेळ वाईट वाटलं. पण शास्त्राने तटस्थ राहायचं असतं. आणि मी काउंटर बंद करायला सांगतोय, काकांना नाही. त्यांना दुसरीकडे सामावून घेतील. कुठे, ते पुस्तकात दिलेलं नाही.

मॅडम म्हणाल्या की तुमच्या अभ्यासाचा त्या जागेला खरोखर उपयोग झाला आणि त्यांनी तसं पत्र दिलं, तर त्याला जास्त वजन असेल. आता बस थांबा कोणाला पत्र देणार?

१० फेब्रुवारी
रिपोर्ट मॅनेजरकडे गेला. ताईच्या हातून पाठवला. ती मॅनेजरसमोर कधी आपणहून जात नाही, पण आज युनिफॉर्मला इस्त्री करून गेली आणि म्हणाली की माझ्या भावाने लिहिलंय, पाच मिनिटं वेळ काढून वाचा. काल रात्री वाचायला दिला होता, तेव्हा ती पाय गरम पाण्यात सोडून बसली होती. मुखपृष्ठ वाचलं आणि आभार वाचले. आभारात पहिली ती आहे. ते तिने दोनदा वाचलं. मग पान ओलं होईल म्हणून मिटून ठेवलं.

१९ फेब्रुवारी
अंमलबजावणी.

हा शब्द मला पुन्हा लिहायचाय. अंमलबजावणी. मॅनेजरनी पत्र दिलं, लेटरहेडवर, शिक्क्यासकट: ह्या विद्यार्थ्याच्या अभ्यासानुसार एक मार्चपासून चार नंबरचा काउंटर बंद करत आहोत. अकरावीतल्या कोणाचं कोणी इतकं ऐकलेलं माझ्या पाहण्यात नाही. बाबा माझं ऐकून साधा पंखाही बंद करत नाहीत.

ताईने केक आणला. म्हणाली, काका आज दिवसभर गप्प होते. मी म्हणालो, बदलाला विरोध होतोच. तिने अर्धा केक त्यांच्यासाठी डब्यात काढून ठेवला.

२८ फेब्रुवारी
ताई दुपारीच घरी आली. पिशवीत युनिफॉर्म होता.

त्यांच्याकडे नियम आहे की जो शेवटी आला तो आधी जाणार. काका सगळ्यांत जुने, ताई सगळ्यांत नवी. काकांना चार नंबरवरून दोन नंबरवर बसवलं. दोन नंबर ताईचा.

मी रिपोर्टमध्ये काउंटरांना नंबर दिले होते. माणसांना दिले नव्हते. हे मी सगळ्यांना समजावून सांगितलं. काउंटर बंद करा म्हणालो होतो, ताईला बंद करा म्हणालो नव्हतो. बाबांनी रिपोर्ट मागितला आणि चष्मा लावून उभ्या उभ्याच वाचला, सगळा. आई म्हणाली, कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ. मी म्हणालो, म्हण वापरून प्रश्न सुटत नाहीत. तेव्हा बाबांनी माझ्याकडे ज्या नजरेने बघितलं ती मला लिहिता येत नाही.

ताई म्हणाली, त्याला बोलू नका, त्याची तोंडी परीक्षा आहे.

जेवलो नाही. म्हणजे नंतर जेवलो, पण चव लागली नाही.

५ मार्च
संकल्प: खचायचं नाही. बेकारीचा धडा पुन्हा वाचला आणि जीव भांड्यात पडला. ताईची बेकारी घर्षणात्मक आहे. एक नोकरी सुटून दुसरी लागेपर्यंत मधे जी असते ती. तात्पुरती असते आणि अर्थव्यवस्था निरोगी असल्याचं लक्षण मानतात. लगेच ताईला जाऊन सांगितलं. ती पेपरातल्या जाहिराती बघत होती. म्हणाली, बरं झालं सांगितलंस, किती दिवस चालते ही. धडा उलटून पालटून बघितला. दिलेलं नाही.

फीचं काय, असं विचारायचं होतं. विचारलं नाही. संध्याकाळी तिने आपणहून सांगितलं की तुझी फी बाजूला ठेवलीय, तिला हात लावणार नाही. हे ऐकून आनंद व्हायला हवा होता.

१२ मार्च
तोंडी परीक्षा. माझी तयारी जय्यत होती. इष्टतमचा अर्थसुद्धा पाठ होता.

मॅडमनी एकच विचारलं. ही सगळी मोजणी दोन ते चारची आहे का. हो म्हणालो. तुझी आई खरेदीला कधी जाते. संध्याकाळी, म्हणालो. आणि बाकीचे. तेही संध्याकाळी. मग त्यांनी रिपोर्ट मिटला. मॅडम रागावल्या नाहीत. म्हणाल्या की ह्या आकड्यांवरून तुझा निष्कर्ष निघत नाही, रिपोर्ट चुकलाय.

मी हुकमाचा पत्ता काढला. मॅनेजरचं पत्र. त्यांनी ते सावकाश वाचलं आणि विचारलं, काउंटर बंद झाला म्हणजे कोणाची नोकरी गेली का. एकाची, म्हणालो. कोणाची. मी म्हणालो, एक कॅशियर होती.

त्यांनी मला पाणी दिलं. आणि पत्राची घडी घालून परत दिलं.

१५ मार्च
यादी लागली. पहिला बाक. तिने येऊन सॉरी म्हटलं, ते जास्त लागलं.

घरी सांगितलं. बाबा हं म्हणाले. ताईचा विश्वासच बसेना. म्हणाली, त्यांचीच काहीतरी गफलत झाली असेल, इतकी मेहनत मी डोळ्यांनी बघितलीय. (डोळ्यांनी बघितली कारण ती तिचीच होती.)

रात्री पडल्या पडल्या एकदम सुचलं. उठून लिहितोय. रिपोर्ट चुकला. म्हणजे काउंटर बंद करणं चुकलं. म्हणजे ताईला काढणं चुकलं. मॅनेजरला जाऊन फक्त एवढंच सांगायचं. चूक कबूल करायची, अभिमान गिळायचा, काउंटर उघडेल, ताई परत. इतका सोपा उपाय पंधरा दिवस सुचला कसा नाही? ताईला आत्ता काही सांगायचं नाही. ती परत कामावर जाईल तेव्हाच तिला कळू दे.

वहीतला हा पहिला प्लॅन आहे ज्यात मला काही मिळणार नाही. म्हणून बहुतेक जमेल.

१६ मार्च
पहिल्यांदाच संध्याकाळी गेलो. रांगा पार ब्रेडच्या कपाटापर्यंत आल्या होत्या. तीन काउंटर, चौथ्याला साखळी लावलेली. दोन नंबरवर काका, त्यांना मान वर करायला फुरसत नव्हती. रांगेतले एक आजोबा बाजूच्या बाईंना म्हणत होते, कुठल्या उंटावरच्या शहाण्याने तो काउंटर बंद करायला लावला कोण जाणे. मला त्यांचे पाय धरावेसे वाटले. आपण चुकलो ह्याचा इतका आनंद मला आयुष्यात झाला नव्हता.

मॅनेजरच्या केबिनमध्ये गेलो. सगळं सांगितलं. फक्त दुपारचे आकडे, मॅडमनी रिपोर्ट नाकारला, बाहेर बघा काय अवस्था आहे. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग मला काचेजवळ नेलं आणि म्हणाले, बघ, ट्रॉली टाकून कोण जातंय का.

आम्ही दोघं बघत उभे राहिलो. एकाने घड्याळ बघून शिव्या घातल्या. एका बाईंनी रडणाऱ्या पोराला ट्रॉलीत बसवलं. आजोबांनी काठी बदलून दुसऱ्या हातात घेतली. कोणी गेलं नाही. मॅनेजर म्हणाले, जाणार कुठे, आसपास दुसरं दुकान आहे का. विक्री होती तेवढीच आहे. एक पगार वाचला.

ह्याला इनइलॅस्टिक डिमांड म्हणतात. तो धडा मी सोडला होता.

म्हणाले, तुझा रिपोर्ट अगदी बरोबर होता, तुझ्या मॅडमना पुस्तकाबाहेरचं कळत नसेल. हवं तर मी दुसरं पत्र देतो. शिकून झालं की ये. हात पुढे केला. मी मिळवला.

घरी आलो तर ताई जेवायची थांबली होती. उद्या तिला एका ठिकाणी मुलाखतीला जायचंय, दोन बस बदलून. विचारलं, कुठे होतास. खोटं सुचेना. म्हणालो, दुकानात गेलो होतो, मॅनेजर म्हणाले की माझा रिपोर्ट बरोबरच होता.

तिचा चेहरा खुलला. आईला हाक मारून म्हणाली, बघ, मी सांगत नव्हते. मग मला ताट वाढलं.