लई शांत लेकरू

मंगळवार, संध्याकाळ. लॉकडाऊनच.

आशा कार्यकर्तीचं काम म्हणून आज सविताकडे गेले. तिला आठवा महिना. दवाखान्यात गेलं की कोरोना होतो, म्हणून सासू तपासणीला पाठवतच नव्हती. विचारलं, "लेकरू पोटात फिरतंय ना?"

सविता हसली. "न्हाई ताई. दोन दिस झाले, लई शांत हाय. शहाणं हाय."

सासूनंही कौतुकानं मान हलवली. ते हसू डोळ्यांपुढून जात नाही.

गाडी बोलावून तिला हिंगोलीला नेलं. डॉक्टरीणबाई पोटावर यंत्र फिरवत राहिल्या. ठोके नव्हते.

"लेकरू हलाया पायजे, हे काहून सांगितलं न्हाई?" सवितानं मला विचारलं.

महिनाभर मी तिला रोज फोन करत होते. फक्त ताप-खोकला विचारायला.