रोज सकाळी उतरणारी बॅटरी

प्रिय बाबा,

काल आईपासून एक गोष्ट लपवली. ती सांगावी असं घरात दुसरं कोणी उरलं नाही, म्हणून तुम्हाला लिहिते आहे.

तुम्ही गेल्यापासून तुमच्या गाडीची बॅटरी सारखी उतरते. नवी घातली, तीही बसली. थाटीपूरचा मिस्त्री बॉनेट उघडून म्हणाला, "दीदी, अल्टरनेटर गया समझो." त्यावर पुण्याहून दादाचा फोन. "मीनू, विकून टाक ना यार! चालवणारं आहे कोण?"

आई शेजारी मटार सोलत होती. दादाचं ऐकता ऐकता दाणे टरफलांत टाकत राहिली.

म्हणून मी मुरारच्या माझ्या घरून इथे दोन दिवस राहायलाच आले आणि तुमचा व्होल्ट मोजायचा मीटर काढला. किती रागवायचात! "आधी मोज, मग बोल!" चार्जर लावून बॅटरी पूर्ण भरली. बंद गाडीत साडेबारा व्होल्टच्या वर. सुरू केल्यावर चौदाच्या पुढे. दिवे लावले, पंखा लावला, तरी आकडा ढळेना. म्हणजे चालत्या गाडीत बॅटरी भरणारा अल्टरनेटर ठणठणीत! बंद गाडीत कुठे करंट जातोय का, म्हणून रात्रभर तशीच ठेवली. सकाळी मोजलं, तर जवळपास तेवढाच. मग बॅटरी उतरते कशी?

चहा ठेवायला आत गेले आणि गाडी सुरू झाल्याचा आवाज आला. तुमची फूलबागेला फिरायला जायची वेळ होती.

खिडकीतून पाहिलं. आईने गाडीचं दार उघडून, बाहेर उभ्यानेच किल्ली फिरवली होती. मग पदर खोचून ती फाटकाशी गेली. रोज तुमच्यासाठी उघडायची तसंच दोन्ही पल्ले उघडले. कडीवर हात ठेवून रिकाम्या गल्लीकडे बघत राहिली. मग फाटक लावलं, परत आली, गाडी बंद केली.

बाबा, हे ती रोजच करत असणार. सुरू करताना बॅटरी जेवढी खर्च होते, तेवढी मिनिटभरात भरून येत नाही. या थंडीत तर नाहीच. तुमच्याकडे बघून बघून आई किल्ली फिरवायला शिकली, पण हे तिला कोण सांगणार? मला मीटर शिकवलात, तिला का नाही? मी म्हटलं होतं एकदा, तर हसून म्हणालात, "तिला काय करायचंय!"

"काय करत होतीस गं?" मी विचारलं.

"काही नाही. गाडी गरम करून राहिले होते." मग हात पुसत, माझ्याकडे न बघता म्हणाली, "काय निघालं? विकावी लागेल का गं?"

मिस्त्रीला दोष देता आला असता, बॅटरीलाही. तिला कसं सांगू, की तूच ती उतरवतेस?

"छे! बॅटरीच्या टर्मिनलला जंग लागला होता. घासून टाकला."

"बरं झालं," म्हणाली. किती दिवसांनी तिने स्वतःहून माझ्यासमोर बसून चहा प्यायला!

दादाला कळवलंय, गाडी विकायची नाही. "चालवेल कोण?" "मी."

बाबा, ऑफिस सुटलं की मी रोज इकडे येईन. गाडी हायवेपर्यंत नेऊन, चांगली तासभर पळवून आणीन. आईला सांगेन, माझी सवय सुटलीय, सराव करते आहे. तिला खरं कधीच कळू देणार नाही. सकाळी तिने किल्ली फिरवली की तुमची गाडी पहिल्याच झटक्यात सुरू होईल, एवढं मी बघेन.

तुमचीच,
मीनू