मशीनवरचा हिरवा पुडा

१४ एप्रिल. मुक्काम शिंचू.
आज माझ्याच कंपनीतून मला काढलं. कंपनी म्हणजे तूर्त आमचा प्रोजेक्ट, जीवशास्त्र-उद्योजकतेच्या मास्टर्सचा. कोळंबीचा रोग तळ्यावरच ओळखणारं किट. पण अपमान खराखुरा. सीईओसाठी मतदान: फांग ई-चेनला तीन, मला एक. तेही माझंच. वर म्हणाली, "तीन महिने नुसता लोगो बदलतोयस. कोळंबी कधी हातात तरी धरलीस का रे?" इथे मी 'सीईओ' छापलेली पाचशे कार्डं घेऊन बसलोय! सोडणार नाही तिला.

१५ एप्रिल.
स्वतःची कंपनी काढली. एकट्याची. किट तेच, लोगो सरस. २८ मेला गुंतवणूकदारांपुढे सादरीकरण. चाचणीचा निकाल हातात नसेल तर उभं करत नाहीत, डिग्री वर्षभर लांबते. उद्यापासून पहाटे पाचला उठणार. फांगला रडवणार.

२ मे.
उठणं जमलं नाही. वारा फार. फांग दक्षिणेला तळ्यांवर जाऊन आली. अंगाला कोळंबीचा वास. शोभतं का सीईओला?

२५ मे, संध्याकाळ.
सूड सापडला! लॅबच्या पीसीआर मशीनवर, म्हणजे रोगाचा डीएनए शोधणाऱ्या यंत्रावर, कुरकुऱ्यांचा हिरवा पुडा असतो. इथल्या सगळ्याच लॅबमध्ये ठेवतात. हिरवा असला की मशीन शहाण्यासारखं वागतं म्हणे, पिवळा ठेवला की रुसतं. माझा काडीचा विश्वास नाही, मी विज्ञानाचा माणूस. पण फांगचा आहे. मशीन वापरायच्या यादीत उद्या तिचा नंबर, परवा माझा. पिवळा ठेवून आलो. हिरवा खाऊन टाकला, पुरावा नको. नारळाची चव. बरी आहे.

२६ मे.
फांग आलीच नाही. काल दुपारीच काम उरकलं म्हणे. कपटी बाई. पिवळा काढायला हवा. उद्या काढू.

२७ मे.
माझ्याआधी लॅबच्या जियान मावशी पोचल्या. पिवळा पाहून किंचाळल्याच, "कुणा मेल्याचं काम हे?" आणि प्लग उपटला. वाटलं, प्रोफेसर लुओ तरी हसतील. म्हणाले, "हिरवा येईपर्यंत कुणी हात लावायचा नाही." मी म्हटलं, सर, विज्ञान... तर म्हणतात, "विज्ञान आहेच रे. पण मशीन एकच आहे." सात दुकानं पालथी घातली. हिरवा संपलेला. सादरीकरणाचे दिवस, सगळ्या लॅबनी उचललेले. लॅब बंद होताना फांगने बॅगेतून एक काढून दिला. "घे बाबा. रिकामा तुझ्याच टेबलाखाली सापडला." कुणाला सांगितलं नाही तिने. याचाही सूड घेईन.

२८ मे.
निकाल नाही, म्हणून मला उभं केलं नाही. फांग जिंकली. टाळ्या वाजवल्या नाहीत. शेवटच्या स्लाइडवर टीमची नावं. खाली माझं: 'लोगो'. स्लाइडचा फोटो काढला. संतापानेच.

३ जून.
फांगच्या टीममध्ये परत गेलो. आत राहून सूड घेणं सोपं. शिवाय डिग्री वाचते. काम: मशीनवरचा पुडा सांभाळणे. तारीख उलटायच्या आत नवा ठेवायचा. खाणार नाही, असं मावशींनी सगळ्यांसमोर वदवून घेतलं.
आज ठेवला. जिन्यावरून परत जाऊन दोनदा पाहिला. हिरवाच आहे.