रस्त्याकडच्या बाजूचं शेवाळ

मंगळवार, ४ नोव्हेंबर

छपरावर माणूस! दाढी करत होतो, तर डोक्यावर खरवडल्याचा आवाज. तोंडाला फेस तसाच, बाहेर धावलो. भिंतीला शिडी आणि वर एक जण ऐसपैस बसून कौलांवरचं शेवाळ काढतोय. "कोणी पाठवलं?" "तुमच्या मुलानं, काका."

चिरंजीवांना बापाच्या गुडघ्याची चौकशी करायला सवड नाही, आणि शेवाळाची काळजी! कुठंतरी पाणी मुरतंय. ही म्हणाली, "करतोय ना हौसेनं? करू द्या." मुलाचा विषय आला की हिचं हे असंच.

बुधवार, ५

शेवाळ आहे मागच्या बाजूला, सावलीत. तिथं इतकं माजलंय की कौलं दिसत नाहीत. आणि हा गडी घासतोय पुढची बाजू, रस्त्याकडची! तिथं चार हिरवट डागांपलीकडे काही नाही. विचारलं, तर म्हणे, "पुढची आधी करायला सांगितलंय." मागची कधी? "ते बघू."

घर माझं, छप्पर माझं, आणि बघणार हा! या छपराची कौलं मी स्वतः शिडीवर उभं राहून वर दिली आहेत. गवंडी कंटाळून घरी जायचा, मी नाही. तेव्हा ही खाली शिडी धरून उभी असायची.

गुरुवार, ६

समोरचा दातांचा डॉक्टर फाटकाशी थांबला. "काय थाट! विकताय की काय?" स्वतःच हसला. विकताय? म्हणजे चिरंजीवांचा बेत हा!

दुपारी पाहतो तर छपरवाला रस्त्यापलीकडून घराचे फोटो काढतोय. नुसता पुढचाच भाग. "काम दाखवायला लागतं, काका." कोणाला दाखवायला? गडी शिडी घ्यायला वळला.

शुक्रवार, ७

चिरंजीव फोन उचलत नाहीत. ही म्हणते, "कामात असेल." भोळी बाई. हिला अजून काही सांगितलेलं नाही, उगाच जिवाला घोर नको. घर गेलं तर हिचं कसं होईल, याच विचारानं जेवण गेलं नाही.

शनिवार, ८

लागला फोन. मी तोंडाचा पट्टा सोडला. "मी जिवंत असेपर्यंत या घराचं एक कौलही विकू देणार नाही!" तो म्हणे, "बाबा, आईशी बोला."

आईच्या पदराआड लपतो! या वयात! मी फोन ठेवून दिला.

रविवार, ९

ही भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "त्याला कशाला बोलता? छपरवाला मी बोलावला. पुढची बाजू मी सांगितली, फोटोही मीच मागवले. मुलाचं नुसतं नाव. गिऱ्हाईक मिळतंय का, ते पाहायचं होतं."

"मला विचारायचंस तरी!"

"विचारलं होतं. बऱ्याचदा. तुम्ही दर वेळी रेडिओ मोठा करायचात. या घरात मला कधीच करमलं नाही हो. विकायचं की नाही, ते तुम्ही ठरवा. मी माझ्या ताईच्या शेजारची खोली घेतलीय. पुढच्या आठवड्यात जाणार."

मग भाजी धुवायला उठली. मला खूप भीती वाटतेय. आज रेडिओ लावला नाही.