सगळ्या वेळा भरल्या आहेत

सोमवार, ३ जून
दवाखान्यातला जुना कंप्युटर पुसून लिनक्स टाकलं. दाजी मागे उभे. ‘‘फुकटचं आहे ना रे? मग चालतं कसं?’’ दातांचे डॉक्टर, पण प्रश्न असे की आपलेच दात दुखावेत! तरी गप्प बसलो — बहिणीच्या घरी ‘तात्पुरता’ राहतोय, दुसरं वर्ष.

समोर चकचकीत दवाखाना उघडल्यापासून दाजी नुसत्या माशा मारतायत. तिथे म्हणे घरबसल्या वेळ ठरवता येते. आता ती सोय आपल्याकडेही यायला हवी, आणि ती आणणार कोण, तर मी! नाही जमलं तर दाजी दवाखाना बंद करणार. हे ताईने सांगितलं, भांडी घासता घासता, माझ्याकडे न बघता.

मंगळवार, ४ जून
वेळा ठरवायचं एक फुकट ॲप सापडलं. त्याची वेबसाइट म्हणते — ‘पाच मिनिटांत इन्स्टॉल करा.’ मी यांचं काय घोडं मारलंय?

बुधवार, ५ जून
एरर ५००.

गुरुवार, ६ जून
फोरमवर रडगाणं गायलं. उत्तर आलं — ‘आधी माहितीपुस्तिका वाचा.’ वाचली. डेटाबेसला एक पासवर्ड, ॲपला दुसराच! दिले कोणी? अस्मादिकांनी!

बदलला. शेवटी ॲपने विचारलं, ‘नमुना माहिती टाकू?’ टाक बाबा, काय टाकायचंय ते टाक!

चाललं!!

शुक्रवार, ७ जून
उद्याच्या सगळ्या वेळा भरल्या! पुढचा आठवडाही! मोबाईलवर नावं दिसत नाहीत, नुसते लाल चौकोन — ‘भरलं’, ‘भरलं’, ‘भरलं’. ताईने ते तीनदा पाहिलं आणि चक्क रडली. दाजींचा पांढरा कोट स्वतः इस्त्री केला. मला न मागता दुसरा चहा!

शनिवार, ८ जून
दाजी कोट घालून दहापासून तयार. कोणी नाही. अकरा — कोणी नाही. आला तो गाल सुजलेला एक माणूस. रिसेप्शनवरच्या मावशींनी त्याला दारातूनच घालवला, ‘‘सगळं फुल्ल आहे, पुढच्या आठवड्यात बघा!’’ तो सरळ समोर गेला.

मग मी नोंदी उघडल्या. सगळ्या पेशंटचा फोन नंबर एकच.

नमुना माहिती! अरे देवा! दवाखाना मी खोट्या माणसांनी भरून ठेवलाय, आणि खरा माणूस बाहेरच्या बाहेर गेला. आता कोणत्या तोंडाने सांगू?

रविवार, ९ जून
सांगितलं. दाजी चिडले नाहीत. ‘‘शुक्रवारीच कळलं होतं रे. त्या नंबरवर फोन लावून बघितला ना मी.’’

‘‘मग काल कोट घालून का बसलात?’’

दाजी खुंटीवरचा कोट नीट करत राहिले. मीच म्हटलं, आत्ता पुसून टाकतो सगळे खोटे पेशंट.

‘‘सकाळचे पुस,’’ म्हणाले. ‘‘संध्याकाळचे राहू देत. तुझी ताई उठल्या उठल्या तेच बघते.’’

सकाळचे पुसले.